माझी हरकत

"कृपया मला थोडा चहा मिळू शकेल का?"

हे वाक्य माझ्या आवाजात, माझ्या खोलीत, माझ्या नवऱ्याला उद्देशून बोललं गेलं, आणि ते मी बोललेच नव्हते.

मी म्हटलं होतं, "श्रेणिक, चहा आण की. पत्ती पेरायला गेलायस काय?" उशाशेजारच्या स्पीकरमधून बाहेर पडलं ते वरचं. श्रेणिक हातात गाळणं घेऊन दारात उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्पीकरकडं, आणि हसला. मलाही हसू आलं. लग्नाला वीस वर्षं होत आली, आमच्या घरात 'कृपया' हा शब्द फक्त विजेच्या बिलावर असतो. नवी सिस्टीम आहे, दोन दिवसांत रुळेल, असं मला वाटलं. कंपनीनं तसं छातीठोक सांगितलंच होतं.

मी त्रिशला मगदूम. जयसिंगपुरात मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. खो-खोचा संघ मी उभा केला, पण तालुक्यात मला ओळखतात ते मुख्यतः माझ्या तोंडामुळं. मैदानाच्या एका टोकाला मी ओरडले की दुसऱ्या टोकाचा भेळवाला गाडी मागं घ्यायचा. सात वर्षांपूर्वी मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली आणि ते सगळं बंद झालं. हातपाय गेले, जीभ गेली, राहिले ते डोळे. वर बघितलं की हो, मिटले की नाही. श्रेणिक अक्षरांची पाटी घेऊन समोर बसायचा, एकेक अक्षरावर बोट ठेवायचा आणि माझे डोळे वाचायचा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, लोकांच्या डोळ्यांत बघणं हा त्याचा धंदाच. त्यानं माझ्या डोळ्यांतून पहिलं अख्खं वाक्य काढलं ते होतं, 'ही नर्स बावळट आहे.' ते वाचून तो हमसून रडला होता.

मग मेंदूवर जाळी बसली. दुधावरच्या सायीएवढी पातळ, ओठ, जीभ आणि गळा हलवणाऱ्या भागावर पसरलेली. स्नायूंनी ऐकणं सोडलं तरी मेंदू हुकूम सोडतच असतो. जाळी ते हुकूम टिपते आणि 'मुखर' नावाचा प्रोग्राम त्यांचे शब्द करतो. एवढं आता शाळेच्या पुस्तकातही असतं. पुस्तकात नसतं ते असं, की हे शिकणं एकतर्फी नव्हतं. मुखर माझा मेंदू शिकत होता तेव्हा माझा मेंदूही मुखर शिकत होता. त्याला कुठला हुकूम लवकर कळतो, कुठला कळत नाही, हे हेरून माझ्या मेंदूनं आपली चाल बदलली, माझ्याही नकळत. सहा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांच्या इतके अंगवळणी पडलो, की मी ठरवायच्या आत शिवी बाहेर पडायची. अगदी पूर्वीसारखी. चाकांच्या खुर्चीत बसून मी पुन्हा मैदानावर गेले आणि भेळवाल्यानं पुन्हा गाडी मागं घेतली.

आणि मग आलं 'समन्वय'. ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम. आमच्यासारख्यांच्या खुर्च्या, पलंग, दारं, मदतीची घंटा, फोन, सगळं तिच्यावर गेलं. जुन्या सिस्टीमची देखभाल बंद झाली. खुर्ची चालायला हवी असेल तर समन्वय घ्या, असा सरळ मामला. तुमचे जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालतील, असं कंपनी सांगत होती.

मुखर जसाच्या तसा चालत नव्हता. त्याच्यासाठी समन्वयच्या पोटात जुन्या सिस्टीमची एक नकली खोली बांधली होती, मुखरला वाटावं की आपण आपल्याच घरात आहोत. पण त्या खोलीत माझे हुकूम उशिरा पोचायचे, आणि काही वाटेतच गळायचे. कुठं अर्धा शब्द, कुठं शब्दच नाही. ही भोकं बुजवायला कंपनीनं एक भाषायंत्र बसवलं होतं. ते हजारो रुग्णांच्या बोलण्यावर शिकलेलं. असा माणूस अशा वेळी बहुधा काय म्हणेल ते ओळखायचं आणि म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे माझ्या आवाजात आता बोलत होता तो 'बहुधा'. अंथरुणाला खिळलेली बाई बहुधा पाणी मागते, बहुधा आभार मानते, आपल्यामुळं कुणाला त्रास नको असं बहुधा म्हणते. मी धडधाकट होते तेव्हाही कधी बहुधा नव्हते.

मैदानावर पहिल्याच दिवशी माझा संताप झाला. खो-खो हा क्षणाचा खेळ. आठ मुली रांगेत बसतात, नववी पाठलाग करते, आणि पळणारी कुठं वळणार हे तिला बाहेरून ओरडून सांगायला मी असते. मी म्हटलं, "कृतिके, खो दे, म्हशी, झोपलीस काय!" बऱ्याच उशिरा स्पीकर बोलला, "कृतिका, सवड मिळाल्यावर पुढील खेळाडूला संधी द्यावी." तोवर पळणारी मुलगी खांब ओलांडून पार पलीकडं गेली होती. पोरी आधी खिदळल्या. दुसऱ्या दिवशी खिदळल्या नाहीत. आठवड्यानं कृतिका खोत, माझी कर्णधार, माझ्या खुर्चीशेजारी येऊन उकिडवी बसली.

"बाई, आमचं काय चुकलं का?" तिनं विचारलं. "सगळ्या पोरी घाबरल्यात. तुमी आमच्यावर लई चिडलाय वाटतं. 'द्यावी', 'घ्यावी' करून बोलताय."

आमच्या भागात हे असंच आहे. माणूस लाडात असला की म्हशी, रेड्या म्हणतो, आणि मनातून उतरवलं की अहो-जाहो करतो. पोरींना वाटत होतं, बाईंनी आपल्याला टाकलं. मी आतल्या आत ओरडत होते, 'अगं बये, मी नाही, हे यंत्र आहे.' स्पीकर म्हणाला, "तसं काही नाही. तुम्ही सगळ्या खूप छान आहात." कृतिकाचं तोंड एवढंसं झालं. ती उठून गेली.

कंपनीला फोन लावला. म्हणजे स्पीकरला लावायला लावला, कारण फोनही त्याच्याच ताब्यात. पलीकडच्या मुलीनं तक्रार विचारली. मी म्हटलं, "तुमचं यंत्र माझ्या नावावर खोटं बोलतंय, माझं जुनं मला परत द्या, नाहीतर तिथं येऊन तुमच्या टेबलावर बसेन." गेलं ते असं: "तुमचं यंत्र छान बोलतंय. जुन्याची कधी कधी आठवण येते, पण काही हरकत नाही." मग तिनं विचारलं, सेवेबद्दल समाधानी आहात का? "हो, खूप," मी म्हणाले. म्हणजे तो म्हणाला. तक्रार निकालात निघाली.

यंत्राचा राग आला, पण यंत्राचा राग किती धरणार? खरा राग त्यानंतर आला.

त्या दुपारी श्रेणिक जेवायला घरी आला होता. मी ठरवून टाकलं की आता स्पीकरच्या नादाला लागायचंच नाही. तो ताट घेऊन समोर बसला तेव्हा मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा घट्ट मिटले. नाही. नाही. नाही. मग पाटी ठेवलेल्या कपाटाकडं बघितलं. पुन्हा त्याच्याकडं. ही भाषा जगात एकाच माणसाला येते. त्यानं घास हातात धरून माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. डोळ्यांच्या धंद्यातला माणूस, त्याला कळलं नाही असं होईल कसं? मग त्यानं नजर खाली वळवली आणि म्हणाला, "आमटी छान झालीय आज."

आणि माझा आवाज म्हणाला, "तू पोटभर जेव. दमतोस खूप."

श्रेणिक हसला. त्या हसण्यात समाधान होतं. ते बघून माझ्या डोक्यात अक्षरशः जाळ झाला. शेजारीपाजारी 'त्रिशलाताई किती मऊ झाल्या' म्हणत होते, त्यांचं मला काही वाटत नव्हतं, त्यांना काय माहीत? ह्याला माहीत होतं. आत मी कोंडलेय हे माहीत असून हा बाहेरच्या बाहुलीशी संसार करत होता. हात चालत असता तर ताट भिरकावलं असतं.

असे चार महिने गेले आणि जिल्ह्याचा अंतिम सामना आला.

समोर हंबीरराव नाईकवडींचा संघ. नाईकवडी आणि मी पंचवीस वर्षांचे वैरी. ते शेतकी शाळेत शिक्षक, मिशीवाले, स्वतःला खो-खोतले शहाणे समजणारे. आमचा एकही सामना माझ्या हरकतीशिवाय आणि त्यांच्या थयथयाटाशिवाय संपलेला नाही. पोरींना मी मैदानावर काहीच सांगू शकत नव्हते, तरी त्या जिवाच्या आकांतानं खेळल्या. शेवटच्या डावात कृतिका एकटी पळत होती. शिट्टी होईपर्यंत टिकली असती तर आम्ही जिंकलो असतो.

बसलेल्या मुलीनं पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं, हा ह्या खेळाचा पहिला नियम. नाईकवडींची मुलगी त्याआधीच उठली. चांगलं अख्खं पाऊल पुढं आली, मग तिला खो मिळाला, आणि वळणावर कृतिका तिच्या हाताला लागली. पंच पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. अशा वेळी प्रशिक्षकानं तिथल्या तिथं हरकत घ्यायची असते. निकाल पुकारला की संपलं.

हरकत. एकच शब्द. मी तो सगळा जीव एकवटून म्हटला. हरकत, हरकत, हरकत.

"पंचांचा निर्णय आम्हाला मान्य आहे," माझा आवाज मैदानभर घुमला. "विजेत्या संघाचं मनःपूर्वक अभिनंदन."

कृतिका मैदानातच बसली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाईकवडी तरातरा माझ्याकडं आले.

"बाई, माझी चेष्टा लावलीया व्हय?" ते म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली, तुमच्या तोंडनं 'चोर' सोडून दुसरा शब्द मी ऐकला न्हाई. आमची पोर आदी उठली, मी बगितलं. आता ह्या ओरडणार म्हणून कान झाकून उभा ऱ्हायलो. आन तुमी अभिनंदन करताय?"

तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मगदूम बाई, तुम्हाला हे आता झेपत नाही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या कुणाकडं देऊ या. चालेल ना?"

"चालेल. आपण म्हणाल तसं. सगळ्यांचे आभार."

झालं. माझा संघ माझ्याच आवाजानं देऊन टाकला. मुख्याध्यापिका सुटल्यासारख्या निघून गेल्या. नाईकवडी मात्र गेले नाहीत. ते वाकले आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून बघत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि स्पीकर त्यांना चहाला बोलावत होता.

"ह्ये तुमी बोलताय?" त्यांनी विचारलं.

मी डोळे घट्ट मिटले.

"आसं डोळं मिटलं की न्हाई म्हणायचं?"

मी वर बघितलं. इतकं वर की खोबणी दुखल्या.

नाईकवडी ताठ उभे राहिले. शेजारी श्रेणिक पाण्याची बाटली धरून उभा होता. "श्रेणिकराव, ह्ये बोलणं बाईंचं न्हाई," ते म्हणाले.

"थकलीय ती," श्रेणिक बाटलीच्या झाकणाकडं बघत म्हणाला.

पंचवीस वर्षं ज्याला मी चोर म्हणत आले त्यानं मला ओळखलं, आणि माझा नवरा झाकण फिरवत होता.

नाईकवडी पिच्छा सोडणारा माणूस नव्हे. त्यांनी कंपनीच्या मागं लागून आठवड्याच्या आत माणूस आणवला. मृण्मयी नावाची इंजिनिअर पुण्याहून आली, तरुण, शांत. तिनं जाळीतून निघणारे हुकूम आणि स्पीकरमधून निघणारे शब्द शेजारी शेजारी लावून बघितले.

"जुनी सिस्टीम परत घालता येईल," ती म्हणाली. "पण वेगळ्या पेटीत, एकटी. तिला समन्वयशी जोडता येत नाही. म्हणजे खुर्ची बोलण्यावर चालणार नाही, ढकलावी लागेल. पलंग, दार, फोन, मदतीची घंटा, काही नाही. घरात सतत कुणीतरी लागेल. आणि त्यासाठी ह्यांची तोंडी संमती रेकॉर्ड करावी लागते." ती माझ्याकडं वळली. "मॅडम, तुम्हाला जुन्या सिस्टीमवर परत जायचंय का?"

"नाही, मी समाधानी आहे," माझा आवाज म्हणाला. "तुम्ही उगीच एवढ्या लांब आलात."

"ओ, डोळं बघा की त्यांचं," नाईकवडी म्हणाले.

मृण्मयीनं माझे वर खिळलेले डोळे बघितले. तिला कळत होतं. "डोळ्यांची संमती माझ्या वरिष्ठांना चालत नाही, सर," ती म्हणाली. "आवाजच लागतो. किंवा मग घरच्या माणसानं सांगायचं, की हा आवाज ह्यांचा नाही. पतीनं सांगितलं तरी पुरे."

सगळे श्रेणिककडं बघायला लागले. मीही. तो खिडकीशी उभा होता. मी त्याचं मन ओळखत होते. 'आवाज तिचाच आहे' म्हणाला तर दुकानात निवांत बसता येईल, घंटा वाजली तर येता येईल, घरी आल्यावर कुणीतरी 'दमलास का' म्हणेल. आणि खरं सांगितलं तर खुर्ची ढकलायची, दुकान अर्धं बंद ठेवायचं, आणि शिवाय सगळ्यांदेखत कबूल करायचं. मी डोळे मिटलेच नाहीत, वरही नेले नाहीत. नुसती त्याच्याकडं बघत राहिले. ह्या वेळी त्यानं नजर वळवली असती तर मी आयुष्यात पुन्हा त्याच्याशी बोलले नसते, मशीन असो वा नसो.

"हा आवाज तिचा नाही," श्रेणिक म्हणाला.

"तुम्हाला कधी लक्षात आलं?" मृण्मयीनं विचारलं.

"पहिल्या सकाळीच."

नाईकवडींनी खाली बघितलं. मृण्मयीनं रेकॉर्डिंग बंद केलं आणि कामाला लागली.

ऊन उतरायच्या सुमाराला मुखर परत आला. पलंगाखाली एक जाड पेटी, तिच्यातून वर आलेली एक वायर, बस. खुर्ची आता नुसती खुर्ची होती. नाईकवडी जाताना म्हणाले, "बाई, मुख्याध्यापिकास्नी मी तुमच्यासमोर घेऊन येतो. बोलायचं काम तुमचं." मी त्यांना म्हटलं, "चोर ते चोरच, कप आणून दे आमचा." शब्द जसाच्या तसा, वेळच्या वेळी बाहेर पडला. नाईकवडी मिशीतल्या मिशीत हसले, मृण्मयीला घेऊन गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

चार महिने मी शिव्या साठवल्या होत्या. त्यांचा क्रमही ठरवला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मी डोळे मिटून सांगत होतो तुला. तू आमटी छान झालीय म्हणालास." आमच्याकडं बायकाही 'होतो'च म्हणतात, भाषायंत्र ते चार महिने दुरुस्त करत होतं.

"म्हणालो."

मग मी सुटले. त्याची नजर, त्याचं हसणं, बाटलीचं झाकण, कृतिकाचं तोंड, माझा गेलेला संघ, सगळं. मला मारून तू माझ्या आवाजाशी संसार केलास, असंही म्हटलं. तो मुकाट ऐकत होता, नेहमीसारखा. त्याचं ते मुकाट ऐकणं बघून मी आणखीच पेटले. "बोल की काहीतरी," मी म्हटलं. "तोंड शिवलंय काय?"

"हो, शिवलंय," श्रेणिक म्हणाला. त्याचा आवाज चढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "तुझं चार महिने बंद होतं, त्रिशला. माझं सात वर्षं बंद आहे. अंथरुणातल्या बायकोशी भांडतो कोण? लोक तोंडात शेण घालतील. तू बोलायचंस आणि मी ऐकायचं. ते यंत्र मला 'पोटभर जेव' म्हणालं. यंत्र म्हणतंय, तू म्हणत नाहीयेस, मला माहीत होतं. तरी मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तुझ्याकडं बघवेना."

मला राग आला. माझा राग काही त्याचं ऐकून विरघळणारा नव्हता. पण ह्या रागाला आता समोर कुणीतरी उभं होतं.

"मग आता भांड," मी म्हटलं. "सात वर्षांचं सगळं काढ. मी काय उठून जाणार आहे?"

त्यानं स्टूल ओढलं, माझ्या डोळ्यांसमोर बसला, चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि सुरुवात केली ती थेट माझ्या आईपासून.